कुरकुरीसकट

एके काळी मुंबईत एकाच क्षणी दोन वेगळे वाजलेले असायचे. १ जानेवारी १९०६ रोजी देशात प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईनं आपली जुनी 'मुंबई वेळ' काही सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि पालिकेची घड्याळं थेट १९५५ पर्यंत तिलाच धरून होती. रेल्वे मात्र प्रमाणवेळेवर धावायची. म्हणून तर जुन्या निमंत्रणपत्रिकांत वेळेपुढे 'स्टँ. टा.' असं छापलेलं दिसतं. ते न वाचणारा पाहुणा अक्षता टाकायला निघायचा आणि पंगतीला पोचायचा. काही पाहुण्यांना हे सोयीचंही वाटत असणार. त्या काळात कुणी "वर्तमान क्षणात जगा" असा उपदेश केला असता, तर गिरगावातल्या माणसानं साहजिकच विचारलं असतं, "कुठल्या? मुंबई टाइम की स्टँडर्ड?"

आता ती पळवाट राहिली नाही. सगळ्यांच्या फोनवर सेकंदासकट एकच वेळ. घड्याळं एक झाली, माणसांचं मात्र अजून जुळायचंय. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून जरा आजूबाजूला बघावं. नऊ वाजून चार मिनिटं झालेली असतात, पण ती फक्त इंडिकेटरपुरती. शेजारच्या बाई पावणेअकराच्या मीटिंगमध्ये पोचलेल्या असतात. ओठ हलत असतात, कुणाला तरी फैलावर घेणं चालू असतं. पलीकडची मुलगी दुपारच्या पेपरात गेलेली असते. एखादी अजून काल रात्रीच्या जेवणातच बसलेली असते आणि नणंदेच्या टोमण्याला द्यायचं झणझणीत उत्तर तिला आत्ता, इथे, गाडी फलाटात शिरताना सुचलेलं असतं. त्या घडीला फलाटावर पुरतं हजर असतं ते बाकाखाली झोपलेलं कुत्रं. आणि त्याला स्वप्न पडत असेल, तर तेही नाही.

आहे तो क्षण आहे तसा स्वीकारा, हे ऐकायला गोड आहे. पण ते सांगणाऱ्या चित्रांत नेहमी सूर्योदय असतो, नदीकाठ असतो, गोट्यावर गोटा रचून ठेवलेला असतो आणि बाजूला एक बाई मांडी घालून बसलेली असते. तिच्या चेहऱ्यावर सुरकुती नसते आणि तिला कुठेही पोचायचं नसतं. ते चित्र बघून माझी खात्रीच झाली होती की स्वीकार करणाऱ्याला कुरकुर करायची मुभा नसणार. आणि कुरकुर वजा केली, तर मराठी माणसाच्या दिवसात उरतं काय? पाऊस आला तर "फारच पडतोय", नाही आला तर "यंदा काही खरं नाही". लग्नात जेवण चांगलं असलं, तर निदान मठ्ठा पातळ होता. कुरकुर हा आपला श्वासोच्छ्वास आहे. ती थांबवूनच जर मनःशांती मिळणार असेल, तर ती दुसऱ्या कुणाला द्यावी, असं माझं मत होतं.

हे मत बदललं ते चौथ्या सीटवर.

चौथी सीट म्हणजे काय, हे मुंबईबाहेरच्यांना सांगायला हवं. लोकलचं बाक तिघांचं, हे बाक बनवणाऱ्याचं मत. प्रवाशांच्या मते ते चौघांचं असतं. "जरा सरकता का?" म्हटलं की तिसरी बाई सरकल्यासारखं करते, प्रत्यक्षात सरकते ती तिची ओढणी. जी काही जागा होईल तिच्यावर चौथीनं अर्धं बसायचं आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या हिमतीवर तोलायचं. एक पाय बाहेर रोवायचा, पर्स पोटाशी धरायची, गाडीनं रूळ बदलले की सगळ्या बाकानं मिळून हेलकावा सांभाळायचा. ऐसपैस बसलेल्यांनाही निवांतपणा नाही. आत शिरलेली प्रत्येक जण भुवई उडवून एकच शब्द विचारते, "कुठे?" आपण "घाटकोपर" म्हटलं, की त्या क्षणापासून ती जागा तिची. आपण घाटकोपरपर्यंतच्या भाडेकरू. पुढच्या स्टेशनात चढलेलीला ती परस्पर सांगूनही टाकते, "ही मी घेतलीय, त्या मधल्यांना विचारा." आपण बसलेल्या वर्तमानावर दुसऱ्यांच्या भविष्याचे असे सौदे चाललेले असतात.

अशाच एका चौथ्या सीटवर एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. लेडीज डब्यात यात नवल काहीच नाही. संध्याकाळच्या गाडीत मटार सोलले जातात, गवार मोडली जाते. पण या बाईंचं काम बघण्यासारखं होतं. मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर जुडी. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली, त्यामुळे हालचाल काय ती मनगटापासून पुढे. देठ मोडायचा, पानं डावीकडच्या पिशवीत, पिवळं पान अंगठ्यानं खुडून काड्यांत. मुळांची माती वर्तमानपत्राच्या घडीत गोळा होत होती. एक कण शेजारणीच्या साडीवर नाही. तोंडाचा पट्टा मात्र अखंड. पंखा नुसता गरगरतो, वारा कुठे जातो कोण जाणे. गर्दी काही कमी व्हायची नाही. आणि हल्ली मेथीत मेथी कमी, गवतच जास्त. समोर उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीनं कळवळून विचारलं, "मावशी, असं अर्धवट बसून त्रास नाही होत?"

"होतो की! न व्हायला काय झालं? पण मेथी निवडून होते."

स्वीकाराबद्दल याहून नेमकं बोलणं मी कुठल्या व्यासपीठावरून ऐकलेलं नाही. त्रास होतो, हे त्यांनी लपवलं नव्हतं. अर्धी सीट ही विश्वाची देणगी आहे, असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. पूर्ण सीट कशी मिळायला हवी होती याच्या हिशेबात मात्र त्यांनी हात अडकवून ठेवले नव्हते. तोंड कुरकुरत होतं आणि हात मोकळे होते. आपलं बहुतेक वेळा उलटं असतं. आपण ओठ मिटून, समजूतदार चेहऱ्यानं बसतो आणि आतून मात्र सगळी गाडी उलट्या दिशेनं ढकलत असतो. दमतो ते त्यामुळे.

हेच शास्त्रशुद्ध शिकायचं, तर इगतपुरीला जावं. गाव कसं नेमकं निवडलंय बघा. कसाऱ्यापासूनचा थळ घाट इतका उभा, की ३७ मीटर पुढे जाताना गाडीला एक मीटर वर चढावं लागतं. मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात आणि चढ संपला की इगतपुरीला ती सोडतात. धापा टाकत आलेल्याला घटकाभर थांबवणं, हा या गावाचा जुनाच धंदा. १९७६ पासून तिथल्या धम्मगिरीवर माणसांसाठीही तशी व्यवस्था आहे. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन भारतात आले, त्यांनी हे केंद्र उभं केलं. दहा दिवसांचं शिबिर. फोन जमा, पहाटे चारला घंटा, बोलायचं नाही आणि खाणाखुणाही करायच्या नाहीत. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे बघायचं. तोही जसा चाललाय तसाच. मुद्दाम लांबवायचा नाही, अडवायचा नाही. नाकपुड्यांपाशी चिमूटभर जागा, तिथे मनाला बसवायचं. मन बसतं. दुसऱ्या श्वासाला ते वाणसामानाची यादी करून येतं, तिसऱ्याला पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नातला मानपान काढतं आणि चौथ्याला निरागसपणे विचारतं, "मी कुठे गेले होते?"

माझी एक मैत्रीण हे शिबिर करून आली. आल्यावर पहिल्याच सोमवारी ती खिडकीच्या जागेवरून भांडली. डब्यातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं : गेले दहा दिवस पाण्यात. पण मी तिला फार वर्षं ओळखते. पूर्वी ठाण्याला सुरू झालेली तिची कुरकुर दादरपर्यंत सहज पुरायची आणि दुपारी डबा खाताना तिचा उत्तरार्ध असायचा. त्या दिवशी घाटकोपर यायच्या आत ती थांबली, रुमालानं मान पुसली आणि म्हणाली, "जाऊ दे. पेपर दे बघू इकडे." शिबिराचे पैसे वसूल झाले, असं मी म्हणणार होते, पण त्या शिबिरांना फी नसते, ती दानावर चालतात. शांत माणसाला राग येतच नाही, ही आपली उगाचची कल्पना. राग त्यालाही येतो, फक्त मुक्कामाला राहत नाही. तेव्हा प्रगती मोजायचीच असेल, तर सुरकुत्या मोजू नयेत. कुरकुर किती स्टेशनं टिकली, ते मोजावं.

दहा दिवसांची रजा मिळत नसेल, तर घरच्या घरी सोय आहे. मराठी घरात ध्यानाचा पहिला धडा गॅसपाशी मिळतो. "दुधाकडे बघ गं जरा." एवढं वाक्य, की दीक्षा संपली. सांगणारी व्यक्ती त्याच पावली दुसऱ्या खोलीत निघून जाते आणि साधक पातेल्यासमोर एकटा उरतो.

दूध बघणं दिसतं तितकं सोपं नाही. सुरुवातीला काहीच घडत नाही. मग पातेल्याच्या कडेनं बारीक फेसाची रेघ धरते. मधे एक पातळ पापुद्रा येतो, त्याला सुरकुत्या पडतात, त्या मधूनच थरथरतात आणि पुन्हा निपचित होतात. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून वर ही साय धरत असतात. खालून येणारी वाफ तिच्याखाली कोंडत जाते आणि मग एकाएकी अख्खं पातेलं वर येतं. 'काहीच नाही' आणि 'एकाएकी' यांच्यामधला जो वेळ आहे, तो माणसाला सोसत नाही. ओट्यावरचा एक जुना डाग नेमका तेव्हाच पुसावासा वाटतो. फोनमध्ये एकच गोष्ट पटकन बघायची असते. बघत बसलं तर दूध तापत नाही आणि पाठ वळली की उतू जातं, असं घरोघरी म्हणतात. दूध बिचारं आपल्या वेळेनं तापत असतं; उतू जात असतं ते बघणाऱ्याचं लक्ष.

त्यात गंमत अशी, की पिशवीतलं दूध डेअरीतून पाश्चराइज होऊनच येतं. साधारण ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद. हे मी एकदा सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते त्यांनी तापवलं. आपण कुठे तापवलंय?" यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. पुढे कुणीतरी त्यांना शिटीवाला दुधाचा कुकर भेट दिला. त्याच्या दुहेरी भिंतीत पाणी असतं, ते उकळलं की शिटी होते आणि दूध उतू जात नाही. तो थोडे दिवस ओट्यावर राहिला आणि मग माळ्यावर गेला. का, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "दूध त्यानं तापवायचं, तर तेवढा वेळ मी काय करू?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की उजाडल्यापासून निजेपर्यंत त्यांना कुणी हाक मारत नाही, काही मागत नाही, "आई, माझा चष्मा?" असं विचारत नाही, अशी दिवसातली तेवढीच काही मिनिटं. "दुधापाशी आहे गं" म्हटलं की घर गप्प बसतं. ती मिनिटं त्या शिटीला कशाला देतील?

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. स्वीकार या नावाखाली आपल्याकडे बराच भलता माल खपवला जातो. पावसाळ्यात रस्त्याला खड्डा पडतो. पहिल्या आठवड्यात आपण चिडतो, दुसऱ्या आठवड्यात वळसा घालतो आणि तिसऱ्या आठवड्यात पाहुण्यांना पत्ता सांगताना "मोठ्या खड्ड्यानंतर डावीकडे" म्हणतो. याला मनःशांती म्हणत नाहीत, अंगवळणी पडणं म्हणतात. आपण असेच समाधानी होत गेलो, तर निर्वाण मिळेल ते कंत्राटदाराला. सुनेला "आमच्याकडे हे असंच असतं" आणि हाताखालच्या माणसाला "चालायचंच, घ्या सांभाळून" असं सांगणारेही स्वीकाराचेच पुरस्कर्ते असतात; फक्त तो दुसऱ्यानं करायचा असतो.

मग रेघ कुठे मारायची? मला त्यासाठी टिळक बरे वाटतात. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. इंग्रजांचं राज्य त्यांनी घटकाभरही मान्य केलं नाही. पण मंडालेची खोली, तिथला उन्हाळा आणि समोरचा रिकामा दिवस, हे त्यांनी आहे ते आहे म्हणून घेतलं. सुटे कागद मिळत नव्हते. पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिल एवढंच हाताशी. १९१०-११ च्या हिवाळ्यात, काही महिन्यांत, 'गीतारहस्य' लिहून झालं. आणि त्यात सांगितलं काय, तर कर्म सोडू नका. कोंडून ठेवलेल्या माणसानं बाहेर मोकळ्या फिरणाऱ्यांना "बसून राहू नका" असं बजावावं, यातली खोच आपल्या लक्षातच येत नाही. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी भराभर उतरवून घेत. अठरा अध्याय, अठरा रविवार. त्यातून 'गीता प्रवचने' झाली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' अवघ्या काही दिवसांत लिहून काढली. तुरुंगातल्या माणसांचे रविवार असे गेले. आपण बाहेर मोकळे असलेले लोक रविवारी मेगाब्लॉकवर बोलतो.

यांच्यापैकी कुणी लढा सोडला नव्हता. मला शिक्षा झाली हा अन्याय आहे, आणि आज मंगळवार आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. पहिल्याशी जन्मभर भांडावं. दुसऱ्याशी भांडून बुधवार लवकर येत नाही. आपली गल्लत होते ती इथेच. ज्याच्याशी भांडायला हवं त्याला आपण "चालायचंच" म्हणतो आणि मंगळवारशी मात्र हमरीतुमरीवर येतो. खड्ड्यासाठी अर्ज जरूर करावा, पोचपावती घ्यावी, पुन्हा जाऊन साहेबांच्या टेबलासमोर उभं राहावं. आणि अर्ज देऊन परतताना त्याच खड्ड्याला वळसा घालून यावं. खड्डा असायला नको होता, या तत्त्वासाठी त्यात पाय घालण्याची गरज नसते.

आपल्याकडे या विद्येचा मूळपुरुष पंढरपुरात आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता आणि दारात साक्षात देव येऊन उभा राहिला. पुंडलिक उठला नाही. हाताशी होती ती वीट त्यानं मागे भिरकावली आणि तिच्यावर जरा थांबायला सांगितलं. या गोष्टीत आपण मातृपितृभक्ती बघत आलो आहोत, ती आहेच. पण हातातलं काम हातातच ठेवणं हेही केवढं अवघड आहे! फोन नुसता थरथरला तरी आपण पोळी तव्यावर टाकून धावतो, आणि पलीकडे देव असण्याचा संभव फारच कमी. बहुतेक वेळा कुणाला तरी आपल्याला कर्ज द्यायचं असतं.

मला मात्र पुंडलिकापेक्षा विठ्ठलाचं कौतुक जास्त आहे. देव होऊन ताटकळायचं, आणि तेही विटेवर. विटेची रुंदी ती काय, चौथी सीटसुद्धा तिच्यापुढे ऐसपैस म्हणावी. बरं, तो उभा कसा आहे? कमरेवर हात ठेवून. जाणकार सांगतात, भवसागर इतकाच खोल आहे, जेमतेम कमरेएवढा, असं तो भक्तांना दाखवतोय. असेलही. पण कमरेवर हात ठेवून दारात कोण उभं राहतं, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही विचारा. दिवेलागण होऊन गेली तरी न परतलेल्या पोराची वाट बघणारी आई तशी उभी असते, आणि तेव्हा ती भवसागराच्या खोलीविषयी काही बोलत नाही.

तेव्हा देवाच्याही मनात थोडी कुरकुर असणार, असा माझा अंदाज आहे. अठ्ठावीस युगं म्हणजे काही थोडाथोडका काळ नव्हे. पण तो निघून गेला नाही, दुसरी वीट मागितली नाही आणि पुंडलिकाला "अजून किती वेळ?" असं विचारल्याचंही ऐकिवात नाही. वारकरी शेकडो मैल पायी चालत त्याच्याकडे येतात, दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहतात, तोंडानं नाम घेतात आणि मधेच रांग पुढे का सरकत नाही म्हणून करवादतातही. त्याला ते चालत असावं. इतका काळ कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्याला कुरकुर म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही.